अर्ध्या तिकिटाचा द

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या एसटी थांब्यावर फ्लेक्स लागला. आठ फूट रुंद, सहा फूट उंच. डाव्या कोपऱ्यात शिवाजी महाराज, उजव्या कोपऱ्यात सावित्रीबाई, खाली शोकाकुल मंडळींचे पंचवीस-तीस चेहरे (त्यांतले निम्मे येत्या पंचायतीला उभे राहणार होते, त्यामुळे शोकाकुल असूनही हात जोडून हसतमुख), आणि मधोमध बाई. फोटो निवृत्तीच्या समारंभातला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, नजर चष्म्याच्या वरून. ती नजर बरोबर ज्या ओळीवर रोखलेली होती, ती ओळ अशी : 'भावपुर्ण श्रध्दांजली'.

दोन शब्द आणि दोन चुका. थांब्यावर सातच्या कराड गाडीची वाट बघत आठ-दहा माणसं उभी होती, सगळी बाईंच्या हाताखालून गेलेली. त्यांनी फ्लेक्सकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. रडू कुणालाच आलं नाही. पोटात मात्र सगळ्यांच्या गोळा आला, गृहपाठ न करता वर्गात शिरताना यायचा तसा. गाडी आली तेव्हा एरवी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी ही माणसं रांगेत, एकामागे एक, न बोलता आत चढली.

कंडक्टरने मला विचारलं, "आज काय झालंय ओ ह्यांना?"

मी फ्लेक्सकडे बोट दाखवलं. कंडक्टर नवा होता, बदलून आलेला. त्याने ओळ वाचली आणि "अरेरे" म्हणाला. त्याला फक्त माणूस गेल्याचं दिसलं.

बाई म्हणजे माझी आजी. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आम्ही त्यांना आजी कधी म्हणालो नाही. आजीला अगंतुगं करता येतं, बाईंना येत नाही. याची सुरुवात माझ्या वडिलांपासून झाली. ते पहिलीत बसले ते बाईंच्याच वर्गात. शाळेत 'आई' म्हणायचं नाही, 'बाई' म्हणायचं, असा नियम. सहा वर्षांच्या पोराला अकरा वाजता एक शब्द आणि पाच वाजता दुसरा, हे काही जमेना. वर्गात तोंडून 'आई' निघालं की अंगठे धरायला लागायचे. घरी 'बाई' निघालं तर काहीच व्हायचं नाही. वडिलांनी व्यवहार पाहिला आणि कायमचे 'बाई'वर स्थिरावले. त्यांच्यामागून काका, दोन्ही आत्या, मग सुना, मग आम्ही नातवंडं. आजोबांनी काही वर्षं 'अगं'चा किल्ला लढवला, पण चहूबाजूंनी बाई-बाई चाललेलं असताना एकट्याचं 'अगं' टिकणार किती? तेही 'अहो बाई' म्हणू लागले. नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, बाईंची सासू, आणि ती १९८१ मध्येच गेली. त्यामुळे परवा मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेलो, ग्रामसेवकाने "मयताचं पूर्ण नाव?" असं विचारलं, आणि साठी ओलांडलेले माझे वडील क्षणभर माझ्याकडे बघत राहिले.

(आत्ताही 'पूर्ण' लिहिल्यावर मी परत जाऊन 'पू' तपासला. हा आजार आमच्या घरात आनुवंशिक आहे.)

बाई नोकरीत रुजू झाल्या १९५७ साली. वय एकोणीस, शिक्षण सातवी, म्हणजे तेव्हाची व्हर्नाक्युलर फायनल, आणि वर साताऱ्यात ट्रेनिंग. त्यांच्या नोकरीची पहिली पाच-सहा वर्षं शिकवलेलं परत घेण्यात गेली. त्याच वर्षी एक एप्रिलला सरकारने नवे पैसे आणले. सोळा आण्यांचा रुपया, चौसष्ट पैशांचा रुपया, १९२ पैचा रुपया, हे जे सगळं जन्मभर घोकलं होतं ते शंभराच्या एका फटक्यात निकालात निघालं. मग शेर, छटाक आणि मण गेले, किलो आले. पोरं याला सरावतात न सरावतात तोच १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले. मराठी साहित्य महामंडळाने चौदा नियम केले, सरकारने ते मानले, आणि शब्दांच्या डोक्यावर बसून काहीही न बोलणारे अनुस्वार एका दिवसात बेकार झाले. 'नांव'चं 'नाव' झालं, 'घरांत'चं 'घरात' झालं, आणि 'कवि' होता तो लांबून 'कवी' झाला. कालपर्यंत "टिंब कुठाय? टिंब कुठाय?" म्हणून पोरांना भंडावणाऱ्या बाई आता "टिंब कशाला? टिंब कशाला?" विचारू लागल्या. एका पोराचा बाप म्हणे शाळेत येऊन विचारून गेला, "बाई, ती काढल्याली टिंबं सरकारजमा करायची का घरीच ठिवायची?"

बाई न्यायाने वागणाऱ्या. नवा कायदा त्यांनी जुन्या माणसांना लावला नाही. ज्यांना बासष्टच्या आधी शिकवलं ते म्हातारपणीही पत्रात 'नांव' लिहीत आणि बाई त्याला लाल शाई लावत नसत. "ती एकसष्टची बॅच आहे," असं त्या, जुन्या मॉडेलच्या मोटारीबद्दल बोलावं तशा, म्हणत. १९७२ मध्ये आणखी चार नियम आले आणि एकूण अठरा झाले. अठरा अध्याय गीतेचे, अठरा पुराणं, अठरा नियम. बाईंना यात योगायोग दिसत नसे.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. प्रौढांना रात्री जमवून लिहा-वाचायला शिकवायचं आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा. पुढे ही मोहीम जिल्ह्याबाहेरही गेली. आमच्या गावात रात्रीचा वर्ग बाईंकडे आला आणि "आधी घरचं दाखवा, मग गावाला सांगा" असं चार शहाण्यांनी म्हटल्यामुळे पटावर पहिलं नाव लागलं बाईंच्या सासूचं.

लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. दिवसा सासू हुकूम सोडणार आणि सून डोक्यावरचा पदर सावरून "होय आत्याबाई" म्हणणार. रात्री आठला कंदील लागला की सून फळ्यापाशी उभी आणि सासू पाटी घेऊन खाली. दोघींनी हे फार सभ्यपणे निभावलं, असं बाई सांगत. गावातल्या बायका निव्वळ हा देखावा बघायला म्हणून वर्गाला येत आणि बघता बघता साक्षर झाल्या. मोहिमेच्या यशाचं हे कारण कुठल्या अहवालात आलेलं नसावं.

तीन-चार महिन्यांनी सासूबाईंनी आयुष्यातलं पहिलं स्वतःचं वाक्य पाटीवर लिहिलं : 'सुन आमटीत मिठ जास्त घालते.' बाईंनी वाक्य वाचलं. 'सु'चा 'सू' केला, 'मि'चा 'मी' केला, 'जास्त'मधलं जोडाक्षर बरोबर आलं म्हणून शाबासकी दिली आणि दहापैकी आठ गुण दिले. दुसऱ्या दिवसापासून आमटी अळणी व्हायला लागली. सासू साक्षर झाल्याचा आणखी एक परिणाम असा, की बाईंना माहेरून येणारी पत्रं आधी सासूच्या हातात फुटू लागली. वर त्यांतले न कळलेले शब्द विचारायला सासू बाईंकडेच येई.

पगार झाला की बाई तो सासूच्या हातात देत आणि एका वहीत सही घेत. अविश्वास म्हणून नव्हे. सही गिरवायचा सराव होतो म्हणून. ती वही आमच्याकडे अजून आहे. दोन नणंदांची लग्नं, धाकट्या दिराचं कॉलेज, विहिरीवरचं इंजिन, दोनदा गाभण म्हैस, सगळं त्यात आहे. चौदा माणसांचं घर त्या वहीवर चाललेलं दिसतं. पहिल्या पानावरची सासूची सही अळईसारखी आहे. शेवटच्या पानावरची मामलेदाराची वाटते.

आजोबा एसटीत कंडक्टर. त्यांचा आणि १ जूनचा संबंध सांगायचा तर आधी गावच्या जन्मतारखा सांगायला पाहिजेत. तेव्हा गावात तारीख कुणालाच ठाऊक नसे. "थोरला पूर आला त्याच्या आधल्या आखाडात", "भावकीची मारामारी झाली त्यानंतर दोन म्हैन्यांनी", अशी माहिती घेऊन बाप पोराला शाळेत आणून सोडायचा आणि "डोळे सोडून कुठंबी मारा, बाई" असं सांगून निघून जायचा. शाळा जूनमध्ये उघडायची आणि मूल सहा वर्षांचं पाहिजे. मग बाई पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडायला लावत. कान हाताला लागला की सहा पूर्ण. जनरल रजिस्टरात तारीख पडायची १ जून.

हे सगळ्या महाराष्ट्रात झालं. आज कुठल्याही कचेरीत जाऊन बघा, एका पिढीतली निम्मी माणसं १ जूनला जन्मलेली निघतील. त्यात बाईंचा वाटा एका गावापुरता, पण त्या गावापुरता संपूर्ण. पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे आमच्या गावात ३१ मेला सात-सात जण एकदम निवृत्त होत. बँडवाला एकच. तो सकाळी वरच्या आळीपासून सुरुवात करून संध्याकाळी मारुतीच्या देवळापाशी दमून बसायचा. माझ्या वडिलांची तारीख तेवढी बाईंनी खरी लावली, १४ जानेवारी, कारण बाळंत त्या स्वतःच झाल्या होत्या आणि त्यांना खोटं लिहिता येत नव्हतं. त्यामुळे वडील निवृत्त झाले जानेवारीअखेर, एकटेच, थंडीत. हार एक, पेढे पाव किलो. ते दुःख त्यांनी अजून बोलून दाखवलेलं नाही, पण ३१ मे आला की ते शेतावर निघून जातात.

खुद्द बाईंची तारीखही १ जूनच, १९३८, त्यांच्या गुरुजींनी लावलेली. आणि एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली तीही १ जूनला, १९४८ साली. यावर आजोबांचा एक ठरलेला विनोद होता : "आमच्या एसटीचं नाव पण शाळेत बाईंनीच घातलं." हा विनोद त्यांनी लग्नानंतर बावन्न वर्षं केला, आणि बावन्न वर्षं बाई म्हणाल्या, "तेव्हा मी दहा वर्षांची होते."

पण एसटीचा उपयोग बाईंनी पुरेपूर करून घेतला. 'शुद्ध', 'युद्ध', 'प्रसिद्ध', 'श्रद्धा' या शब्दांत पोरं अडखळतात. आधी द का आधी ध? बाई सांगत : द लहान, त्याचं अर्धं तिकीट. ध मोठा बाप्या, त्याचं पूर्ण तिकीट. लहान पोराला आधी चढवायचं, मोठ्याने मागून चढायचं. मोठा आधी चढला, गाडी सुटली आणि पोर थांब्यावरच राहिलं तर? पहिली-दुसरीतल्या पोरांना हे इतकं लागायचं की कुणी पाटीवर 'शुध्द' लिहिलं तर शेजारचा रडवेला होऊन ओरडायचा, "बाई, ह्याचा द खाली ऱ्हायला!"

आता फ्लेक्स बघून थांब्यावरची माणसं का गप्प झाली ते कळलं असेल. गेली साठ-सत्तर वर्षं त्या गावात 'ध्द' दिसला की माणसाला एक लहान पोर थांब्यावर एकटं उभं दिसतं.

शाळा द्विशिक्षकी. वर्ग चार, खोल्या दोन. म्हणजे बाईंसमोर कायम दोन वर्ग, आणि दुसरे गुरुजी कराडला (बाई 'कऱ्हाड' लिहीत) पगारपत्रकं घेऊन गेले की चारही. पहिली गिरवतेय, दुसरी पाढे ओरडतेय, तिसरीची पोटदुखी चाललीय, आणि चौथीला शिवाजी महाराज अफजलखानाच्या भेटीला निघालेत. महाराज शामियान्याच्या दारात पोचले की पहिलीतल्या कुणाला तरी हटकून लघवीला यायची. "महाराज, थांबा," असं बाई म्हणत आणि महाराज थांबत. खानही थांबे.

घरी वेगळं काही नव्हतं. चुलीवर आमटी, तव्यावर भाकरी, मांडीवर धाकटी आत्या, समोर काका भागाकार मांडून बसलेले. ताटावर बसून "चतकोर वाढा" म्हटलं की "चतकोर म्हणजे किती?" असा प्रश्न यायचा, आणि "एक छेद चार" म्हटल्याशिवाय भाकरी मोडायची नाही. काका एकदा घाईत "चार छेद एक" म्हणाले. बाईंनी शांतपणे चार भाकरी वाढल्या आणि संपवायला लावल्या. काका पुढे बँकेत लागले आणि अंश-छेदात कधी चुकले नाहीत. ज्वारीची भाकरी मात्र खात नाहीत.

बाजारात बाईंबरोबर जाणं म्हणजे तोंडी परीक्षा. साडेतीन किलो कांदे, सात रुपये किलो. भाजीवाल्याने बोटं मोजायच्या आत बाई औटकीतून "साडेचोवीस" म्हणून मोकळ्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. हे पाढे शाळेतून गेले तरी बाईंच्या पिशवीतून गेले नाहीत. कॅल्क्युलेटर काढणाऱ्या दुकानदाराकडे त्या आजारी माणसाकडे बघावं तशा बघत.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. चार वाजून गेले होते. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला तडा गेला, कणगी लवंडली, सगळे धडपडत अंगणात आले. काळोख, थंडी, कुत्री केकाटताहेत, सासूबाई जोतिबाचा धावा करताहेत. बाईंनी हजेरी घेतली. नावानिशी, पटाच्या क्रमाने. सासूबाईंनासुद्धा जोतिबाला थांबवून "हजर" म्हणावं लागलं. तेरा हजर, एक गैरहजर. गैरहजर आजोबा. बाई आत गेल्या तर ते गाढ झोपलेले. त्यांचं म्हणणं असं पडलं, की आपण पाटणच्या मुक्कामी गाडीत आहोत असं स्वप्न चाललं होतं आणि रस्ता नेहमीसारखाच होता.

उजाडलं तशी कोयनानगरची बातमी यायला लागली. तिथे घरं बसली होती, माणसं गेली होती. बाई शाळेचा पट काखेत मारून निघाल्या आणि घरोघर दारात उभं राहून एकोणचाळीस पोरांची हजेरी घेतली. एकोणचाळिसावा "हजर" ऐकल्यावर मग घरी येऊन चहा प्यायल्या.

एवढ्या सगळ्या काळात बाई सलग घरी बसल्या त्या एकदाच. डिसेंबर १९७७ ते फेब्रुवारी १९७८ राज्यातल्या सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचा, शिक्षकांचा संप झाला, चांगला ५४ दिवस. बाई संपात होत्या. मोर्च्यालाही गेल्या, पण तिथल्या फलकावर 'महागाइ भत्ता' लिहिलेलं बघून त्यांनी ब्रश आणि रंग मागवला, त्यामुळे मोर्चा निघायला उशीर झाला. बाकीचे दिवस घरात. पहिल्या आठवड्यात फडताळातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या शिंप्याची पाटी दुरुस्त झाली. तिसऱ्या आठवड्यात गल्लीतल्या बायका पाण्याला मागच्या वाटेने जायला लागल्या, कारण पुढच्या वाटेवर बाई "बावीस नव्वे किती?" असं विचारत उभ्या असत. आजोबांनी आगारात जाऊन जादा ड्युट्या मागून घेतल्या. चाळिसाव्या दिवशी सासूबाईंनी सरळच विचारलं, "त्या सरकारला किती पैसं पायजेत? आपणच देऊन मिटवूया."

एकदा तपासणीला एक तरुण साहेब आले. वर्ग बघितले, खूश झाले, आणि शेरेबुकात लिहिलं, 'शिक्षिका परिश्रमि असून वर्गाची प्रगति समाधानकारक आहे.' साहेबांची जीप नजरेआड व्हायच्या आत बाईंनी लाल पेनने दोन्ही शब्द दीर्घ केले आणि कडेला लिहिलं, 'नियम वाचावेत.' दुसरे गुरुजी आठवडाभर जेवले नाहीत. पुढच्या वर्षी तेच साहेब आले. बुक उघडलं, मागचं पान बघितलं, बाईंकडे बघितलं. मग खिशातून पेन्सिल काढून आधी कच्चं लिहिलं आणि बाईंना दाखवलं.

३१ मे १९९६ ला, त्या दिवशीच्या पाच जणांबरोबर, बाई निवृत्त झाल्या. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते आमच्या माजघरात लागलं आणि सकाळी अकराला सुरू होऊन पाचला सुटणारा एक वर्ग त्या घड्याळाखाली आपोआप भरू लागला. पटावर आम्ही नातवंडं. माझा नंबर त्यात ऱ्हस्व-दीर्घात शेवटून पहिला.

पुण्यात वसतिगृहावर असताना मी बाईंना पत्र लिहून पाचशे रुपये मागितले होते. पंधरा दिवसांनी मनीऑर्डर आली, चारशे सत्त्याहत्तरची. मला हिशोब कळेना. चार दिवसांनी माझंच पत्र पाकिटातून परत आलं, लाल शाईत न्हालेलं. तेवीस चुका होत्या. मनीऑर्डरच्या खालच्या तुकड्यावर, संदेशाच्या जागी, बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : 'पुढील वेळी अधिक मिळवशील.'

ऐंशीच्या घरात त्यांच्या हातात स्मार्टफोन आला आणि कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप धास्तावला. धाकटी आत्या रोज सकाळी फुलं टाकते. 'शुभ सकाळ, सुर्य उगवला' असं तिने लिहिलं की दोन मिनिटांत बाईंचं उत्तर : 'सूर्य.' एवढंच. 'हार्दीक शुभेच्छा'वर 'हार्दिक.' 'आशिर्वाद असू द्या'वर 'आशीर्वाद', आणि वर आशीर्वाद दिलेला नाही. न्यू जर्सीतला माझा चुलतभाऊ इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो. त्याचं काय करावं हे बाईंना दोन दिवस सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याला उत्तर गेलं : 'पाटी कोरी आहे.' तो आता आवाज रेकॉर्ड करून पाठवतो.

शेवटच्या आजारात त्यांना तालुक्याला हलवलं तेव्हा स्ट्रेचरवरून आत नेताना त्यांनी हात वर केला. आम्हाला वाटलं, काही दुखतंय. त्या दारावरची पाटी दाखवत होत्या. 'रूग्णालय.' "रु पहिला," त्या म्हणाल्या. आवाज पार गेलेला होता. वॉर्डबॉय म्हणाला, "आजी, पहिलाच नंबर लावलाय तुमचा, काळजी करू नका."

दशक्रियेच्या आदल्या रात्री मला झोप येईना. डोळे मिटले की तो फ्लेक्स दिसे. उद्या नदीवर पाहुणे येणार, तालुक्याची माणसं येणार, शाळेचे आजी-माजी गुरुजी येणार, आणि सगळे त्याच थांब्यावर उतरणार. फ्लेक्स छापणारा पोरगा गावातलाच. त्याच्या वडिलांची प्रेस होती, आणि ती होती तोवर गावातली एकही लग्नपत्रिका बाईंनी प्रूफ बघितल्याशिवाय छापली गेली नाही. पोरगा कॉम्प्युटरवाला, त्याने अक्षरं उचलली आणि लावली. २०१० मध्ये आजोबा गेले तेव्हाचं दशक्रियेचं कार्ड त्या जुन्या प्रेसवरचंच. त्याचं प्रूफ बाईंनी स्वतः तपासलं होतं, चष्मा पुसून पुसून, दोनदा. कार्डं छापून आली तर 'दुःखद'मधला विसर्ग नव्हता. अख्ख्या गावाने ते कार्ड वाचलं आणि अख्खं गाव गप्प बसलं.

रात्री साडेअकराला मी लाल मार्कर खिशात टाकून गुपचूप थांब्याकडे निघालो. लांबूनच टॉर्चचा उजेड दिसला. फ्लेक्सखाली आधीच चार जण होते. निवृत्त हेडमास्तर, वय बहात्तर, एकसष्टची बॅच. प्रेसचे म्हातारे मालक, जे मुलाच्या चुकीपायी दुपारपासून कुणाला तोंड दाखवत नव्हते. उपसरपंच, फ्लेक्सवर स्वतः खालून तिसरे. आणि एक दूधवाला, ज्याला बाईंनी चौथीत दोनदा ठेवला होता. घरून आणलेलं स्टूल दूधवाल्याने धरलं होतं आणि उपसरपंच वर चढले होते. प्रत्येकाच्या खिशात लाल मार्कर होता. माझा काढल्यावर पाच झाले.

'पु'चा 'पू' पटकन झाला. 'ध्द' खोडून वर 'द्ध' करताना उपसरपंचांचा हात थोडा थरथरला, पण झालं. दूधवाला खालून म्हणाला, "चढला बघा बारका."

तेवढ्यात हेडमास्तर म्हणाले, "आता शेवटची वेलांटी. 'श्रद्धांजलि.' लि पहिली करा."

"पहिली कशी?" उपसरपंच वरून म्हणाले. "दुसरीच हाय. बरोबर हाय ते."

"मला बाईंनी पहिली शिकवलीय."

"मला बाईंनीच दुसरी शिकवलीय!"

"माझ्या वेळी कवि पहिला होता."

"माझ्या वेळी कवी दुसरा झालाता!"

प्रेसचे मालक दोघांच्याही बाजूने मान हलवत होते. त्यांनी हयातभर दोन्ही छापलेल्या. मी अठरा नियम आठवायचा प्रयत्न केला, मला सहाच्या पुढे जाता येईना. टॉर्चचा उजेड खालीवर होत राहिला. वर बाई चष्म्यावरून बघत होत्या.

शेवटी दूधवाला वैतागून म्हणाला, "कशाला भांडताय? ऱ्हाऊ द्या तसंच. सकाळी बाईंस्नी इचारू."

आणि कुणीच काही बोललं नाही. उपसरपंच स्टुलावर तसेच उभे राहिले, हातात लाल मार्कर, टोपण उघडं.